सगळा मळा नको, एक चेहरा हवा

विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेणारा सापडावा म्हणून मळ्यात कॅमेरे लावायचं ठरलं, तेव्हा माझं मत पक्कं होतं. कॅमेरा उंच खांबावर आणि लेन्स जास्तीत जास्त रुंद, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत सगळं दिसेल. आता मी नेमकं उलट सांगतो आणि घरचे हसतात.

मत फिरवलं वाघानं. आपल्या शेजारचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० सालचा. मे २०१८ मध्ये त्यातल्या चांदोलीत कॅमेऱ्यानं वाघ टिपला. एवढ्या डोंगरदऱ्यांत जनावर सापडतं कसं? वनखातं सगळ्या जंगलावर नजर ठेवतच नाही. जनावराची वाट हेरायची आणि दोन्ही बाजूंना साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर समोरासमोर कॅमेरे बांधायचे. दोन एवढ्यासाठी, की वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात आणि ओळख पटते ती पट्ट्यांवरूनच. माणसाच्या बाबतीत ते काम चेहरा करतो.

मग हिशेब मांडला. अनोळखी माणूस ओळखता यायचा तर चित्रात मीटरमागे २५० पिक्सेल हवेत, असं युरोपीय मानक आहे. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे पावणेआठ मीटरपुरती. २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स एवढी रुंदी तीनेक मीटरवरच व्यापते. त्यापुढे कुणीतरी आहे एवढं कळतं, कोण ते नाही. १२ मिलिमीटरची लेन्स पंधरा मीटरवरचा चेहरा देते, पण चिंचोळं बघते. आणि उंच खांबावरून काय, टोपीच दिसणार!

दिसणाऱ्या कॅमेऱ्याचा धाक असतो, हे मान्य. पण मला चोर पळवायचा नव्हता, धरायचा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे फुटेजसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं; धूसर आकृतीला प्रमाणपत्र जोडून कोण सापडणार? शिवाय रुंद लेन्समध्ये शेजाऱ्याचं अंगणही येतं, ते मला आवडत नाही.

रात्रीचा प्रश्न उरतोच. इन्फ्रारेडच्या उजेडात आपल्याकडच्या पावसाचे थेंब चकाकतात, कॅमेऱ्याजवळ किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळं थेट काचेवर. फडकं मारत राहायचं, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

मळ्यात ऊस उभा असताना आत यायच्या वाटा दोनच, फाटक आणि ओढ्याकडची पायवाट. दोन्हीकडे एकेक चिंचोळी लेन्स, चेहऱ्याच्या जरा वर. तोड झाली की मात्र मळा चहूबाजूंनी उघडा पडतो आणि खोडवा वाढेपर्यंत माझं हे गणित चालत नाही. तेवढे दिवस पाणी पाजून झालं की केबल गुंडाळून घरी आणायची, असं ठरलंय.