तारीख वाचा, मग शून्यं मोजा

बँक ऑफ ग्रीसने काढलेली सर्वांत मोठ्या रकमेची नोट शंभर अब्ज द्राख्मांची आहे. एकावर अकरा शून्यं. आपल्या हिशेबाने दहा हजार कोटी. तिच्यावरची तारीख ३ नोव्हेंबर १९४४. त्यानंतर आठच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, ग्रीसने चलन बदललं. पन्नास अब्ज जुन्या द्राख्मांना एक नवा द्राख्मा मिळाला आणि नव्या सहाशे द्राख्मांना ब्रिटिश लष्करी प्रशासनाचा एक पौंड, असा दर ठरला. म्हणजे ही अवाढव्य नोट दोन नव्या द्राख्मांची, पौंडाच्या तीनशेव्या हिश्श्याची. तेव्हा एक रुपया अठरा पेन्सचा होता. त्या दराने मुंबईत तिचा पाऊण आणाही आला नसता.

नवा संग्राहक या नोटांकडे वळतो तो शून्यांमुळे. जर्मनीची १९२३ची, हंगेरीची १९४६ची, झिम्बाब्वेची २००८ची आणि ग्रीसची १९४४ची अशा ‘प्रचंड’ नोटा तो एका पानावर लावतो आणि थांबतो. पण ग्रीक नोटांचं खरं मोल त्यांच्यावरच्या तारखेत आणि चित्रात आहे, असं माझं ठाम मत आहे.

ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीने ग्रीसवर हल्ला केला आणि ग्रीकांनी तो परतवला. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सैन्य उतरलं, अथेन्स पडलं आणि देशाचे जर्मन, इटालियन व बल्गेरियन असे तीन तुकडे झाले. ताबा घेणाऱ्या सैन्याचा खर्च ग्रीसनेच द्यायचा होता. वर १९४२ मध्ये सक्तीचं कर्जही लादलं गेलं. व्यापार थांबलेला, कर गोळा होत नव्हता, धान्य लष्कराने उचललेलं आणि समुद्रावर ब्रिटनची नाकेबंदी. १९४१-४२च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं भुकेने कोसळत होती. त्या काळातल्या भूकबळींचा अंदाज तीन लाखांपर्यंत जातो. सरकारपाशी पैसा उभा करायचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे छापखाना.

आता तारखा पाहा. पंचवीस हजारांची नोट १२ ऑगस्ट १९४३ची आणि एक लाखाची २१ जानेवारी १९४४ची. दहा लाखांची २९ जूनची. मग मात्र श्वास घ्यायला वेळ नाही: पन्नास लाख २० जुलैला, एक कोटी २९ जुलैला, अडीच कोटी १० ऑगस्टला, वीस कोटी ९ सप्टेंबरला, पन्नास कोटी १ ऑक्टोबरला, दोन अब्ज ११ ऑक्टोबरला, दहा अब्ज २० ऑक्टोबरला. अर्थतज्ज्ञांच्या एका मोजणीनुसार शेवटच्या टप्प्यात किमती साधारण सव्वाचार दिवसांत दुप्पट होत होत्या. ही मालिका तारखेच्या क्रमाने अल्बममध्ये लावली, की महागाईचा आलेख वेगळा काढावा लागत नाही.

याच क्रमात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अथेन्स मुक्त झालं १२ ऑक्टोबर १९४४ रोजी. पंतप्रधान पापांद्रेऊंचं राष्ट्रीय ऐक्याचं सरकार १८ ऑक्टोबरला शहरात आलं. दहा अब्जांच्या नोटेवरची तारीख त्यानंतर दोन दिवसांची आहे आणि शंभर अब्जांची तर नोव्हेंबरमधली. म्हणजे ज्या दोन नोटा सर्रास ‘नाझी ताब्यातल्या नोटा’ म्हणून विकल्या जातात, त्यांच्यावरच्या तारखा स्वतंत्र ग्रीसच्या आहेत. शत्रू गेला तरी त्याने मोडलेलं चलन मागे उरलं होतं आणि सैनिकाचा पगार, शिक्षकाचा पगार त्याच कागदात द्यावा लागत होता.

चित्रांकडे वळलं, की वेगळाच ग्रीस दिसतो. दहा लाखांच्या नोटेवर अँटिकिथेराचा तरुण आहे. हा ब्राँझचा देखणा पुतळा सिमी बेटाच्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना १९००-०१ मध्ये एका बुडालेल्या प्राचीन जहाजात सापडला; प्रसिद्ध अँटिकिथेरा यंत्र त्याच जहाजातलं. पुतळा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाचा. जर्मन येण्याआधी तिथल्या माणसांनी दालनांच्या जमिनी खणून मोठमोठे संगमरवरी पुतळे पुरले होते आणि बाकीच्या वस्तू हलवल्या होत्या. जर्मनांना संग्रहालय रिकामं मिळालं. संग्रहालयातला हा तरुण जून १९४४ मध्ये नोटेवरून हातोहात फिरत होता. नोटेच्या मागे सुनियोचं पोसायडनचं देऊळ आहे.

शंभर अब्जांच्या नोटेवरचा चेहरा ग्रीक पुराणकथेतल्या डेइडामियाचा. ऑलिंपियातल्या झ्यूसच्या देवळाच्या पश्चिम दर्शनी त्रिकोणात तिचं शिल्प होतं: स्वतःच्याच लग्नाच्या मांडवातून अर्धा माणूस, अर्धा घोडा असा सेंटॉर तिला ओढून नेतो आहे. हाच चेहरा १९४३च्या पंचवीस हजारांच्या नोटेवरही होता. दोन्ही नोटा शेजारी ठेवा. पंधरा महिन्यांत रक्कम चाळीस लाख पट झाली, चेहरा तोच राहिला.

एक लाखाच्या नोटेवर अथेन्सचं घुबडाचं चांदीचं नाणं आहे, तर पन्नास लाख आणि दहा अब्जांच्या नोटांवर प्राचीन सिराक्यूजच्या नाण्यांवरची जलदेवता अरेथुसा. ज्या नाण्यांची चांदी भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने विश्वासाने घेतली जात होती, त्यांची चित्रं रोज किंमत गमावणाऱ्या कागदावर छापावी लागली. नाणी आणि नोटा दोन्ही जमवणाऱ्याला ही जोडी पाहून गलबलून येतं.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती मात्र २१ ऑगस्ट १९४२ची एक हजाराची साधी नोट. पुढे थासोस बेटाच्या पारंपरिक पोशाखातली मुलगी, मागे अँफिपोलिसचा सिंह. थासोस तेव्हा बल्गेरियाच्या ताब्यात होतं. सिंह उभा आहे तो स्ट्रिमोन नदीजवळ. तिच्या पूर्वेला बल्गेरियन ताब्याचा मुलूख सुरू होत होता आणि तिथे लेव्ह हे बल्गेरियाचं चलन आणलं गेलं होतं. नोट काढणाऱ्यांचा हेतू काहीही असो, ही नोट तोडलेल्या मुलखाला ग्रीसमध्येच धरून ठेवते.

मुख्य मालिकेबाहेरचे कागद तितकेच बोलके आहेत. इटलीने ‘कासा मेदितेरानेआ’ या संस्थेच्या नावाने द्राख्माच्या नोटा काढल्या. त्यांतल्या काहींवर मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा चेहरा आहे. आयोनियन बेटांसाठी तर इटलीने वेगळाच द्राख्मा चालवला. १९४४च्या शरद ऋतूत दळणवळण तुटलं, तेव्हा कालामाता आणि पात्रास इथे स्थानिक कोषपत्रं निघाली. डोंगरातल्या प्रतिकार सरकारने, म्हणजे राष्ट्रीय मुक्तीच्या राजकीय समितीने, याच वर्षी रोखे काढले ते द्राख्मांत नव्हे, गव्हात! रोख्यावर रक्कम ओकांमध्ये. एक ओका म्हणजे साधारण सव्वा किलो. या समितीचे अध्यक्ष अलेक्झांड्रोस स्वोलोस पुढे पापांद्रेऊंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले आणि पन्नास अब्जांना एक हा बदल त्यांच्याच कारकिर्दीत झाला. गव्हाचा रोखा आणि शंभर अब्जांची नोट एकाच पानावर लावण्याला म्हणून अर्थ आहे.

आता किमतीचं. १९४४च्या बऱ्याच मोठ्या रकमांच्या नोटा आजही मुबलक मिळतात आणि त्यांना फार पैसे मोजावे लागत नाहीत, कारण त्या प्रचंड संख्येने छापल्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत निकामी झाल्या. शून्यं जास्त म्हणून नोट दुर्मीळ, हे विक्रेत्याचं बोलणं मनावर घेऊ नये. भाव ठरतो तो नोटेच्या अवस्थेवर आणि उपप्रकारावर. काही रकमांत ग्रीक अक्षरं क्रमांकाच्या आधी येतात, काहींत नंतर, आणि कॅटलॉग या दोन प्रकारांना वेगळं धरतो. प्रादेशिक कोषपत्रं आणि प्रतिकार चळवळीचे रोखे मुख्य मालिकेपेक्षा कितीतरी कमी दिसतात. तिथे पैसे मोजताना हात आखडू नये, पण जाणकाराला दाखवल्याशिवाय खरेदीही करू नये.

जुनी नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. आपल्याकडे कौतुकाने लॅमिनेट केलेल्या कितीतरी चांगल्या नोटा संग्रहातून बाद होतात. पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात ठेवा, उन्हापासून दूर. अशी नोट आपल्या घरीही असू शकते: चौथी भारतीय डिव्हिजन १९४४च्या अखेरीस ग्रीसमध्ये होती. घरात त्या आघाडीवर गेलेल्या आजोबांची ट्रंक असेल, तर तिच्यातले परक्या लिपीतले कागद रद्दीत जाण्याआधी एकदा नीट पाहा, आणि नोट निघालीच तर ती कोणी, कुठून आणली हे एका चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवा.