हिशेब विभागातली श्रद्धा

नोकरीच्या ठिकाणी ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा कशी जगावी, यावर मंडळ्यांमधून हल्ली बरंच बोललं जातं. बोलण्याचा रोख बहुधा ठरलेला असतो: दिवसाची सुरुवात प्रार्थनेने करा, टेबलावर वचन ठेवा, संधी मिळेल तिथे साक्ष द्या. मी मूळचा नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातला. कामाची बहुतेक वर्षं म्हैसूरच्या औद्योगिक वसाहतीत हिशेब विभाग सांभाळण्यात गेली आणि त्यातून माझं मत निराळं बनत गेलं. अधिकारपदावरच्या माणसाची श्रद्धा त्याच्या सहीवरून तपासावी. त्याच्यापुढे तोंड उघडू न शकणाऱ्या माणसाच्या पदरात त्या सहीने काय पडलं, हे पाहावं. बाकीचं त्यानंतर.

याला शास्त्रात आधार भक्कम आहे. लूककृत शुभवर्तमानात जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन आम्ही काय करावं असं विचारतात. नोकरी सोडा, असं तो सांगत नाही. नाक्यावर उपासना भरवा, असंही सांगत नाही. जकातदारांना तो ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका म्हणतो, शिपायांना धाक दाखवून पैसे उकळू नका म्हणतो. ज्याच्या हाती जी सत्ता, त्याला तिच्याविषयीच आज्ञा. दानीएलाच्या कथेतला क्रमही बघण्यासारखा आहे. परक्या देवांना मानणाऱ्या राजाच्या पदरी तो मोठा अधिकारी. वैऱ्यांनी आधी त्याच्या कारभारात खोट शोधली, ती सापडली नाही, म्हणून मग त्याच्या प्रार्थनेला हात घातला. आपल्याकडे पुष्कळदा उलटं घडतं. प्रार्थना सगळ्यांना दिसते आणि कारभारातली खोट त्याहून ठळक दिसते.

परधर्मी राजाच्या पदरी कारभार करण्याचा हा प्रश्न म्हैसूरला नवा नाही. टी. आर. ए. थंबू चेट्टी हे कॅथलिक गृहस्थ हिंदू राजाच्या या संस्थानात चीफ कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९००-०१ मध्ये त्यांनी प्रभारी दिवाण म्हणूनही काम पाहिलं. गोऱ्यांचं राज्य होतं, ख्रिस्ती माणसाला वाव मिळायचाच, असं यावर कुणी म्हणेल. पण याच दरबाराने १९२६ ते १९४१ अशी पंधरा वर्षं सर मिर्झा इस्माईल या मुसलमान दिवाणाच्या हाती कारभार ठेवला. धर्मापेक्षा कारभार बघण्याची सवय इथे मुरलेली होती. पुढे याच नावाचे सर टी. थंबू चेट्टी महाराजांचे सचिव होते. संत फिलोमिनेचा पवित्र अवशेष १९२६ मध्ये त्यांनी मिळवला आणि त्यातूनच तिच्या नावाच्या आजच्या चर्चची कल्पना निघाली. २८ ऑक्टोबर १९३३ रोजी त्याची कोनशिला खुद्द महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी बसवली. दोन उंच मनोरे बघायला पर्यटक येतात. मला त्या मनोऱ्यांपेक्षा त्यामागचा विश्वास मोठा वाटतो. न्यायनिवाड्यात पहिले थंबू चेट्टी पक्षकाराचं कपाळ बघत नाहीत, अशी खात्री नसती तर कुठल्याच राजाने न्यायाधीशाची खुर्ची त्यांना दिली नसती.

आजच्या कारखान्यात सहीची ही कसोटी कुठे लागते? माझ्या मते लहान पुरवठादाराच्या बिलावर. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. प्रत्यक्षात काय चालतं? बिल ‘क्वेरी’त टाकलं जातं. ऑर्डरचा नंबर चुकला, आवक नोंदीवर स्टोअरचा शिक्का पुसट आहे, असं काहीतरी लिहून कागद परत जातो आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. तिमाही संपताना कंपनीच्या खात्यात रोकड छान दिसते. ती रोकड दोन लेथ मशिनांवर पोट चालवणाऱ्या माणसाची असते; त्याच्या कामगारांचा पगार तिच्यात अडकलेला असतो. तो तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल. अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी पोचते, असं याकोबाच्या पत्रात आहे. हे वचन टेबलावर ठेवून हाच खेळ खेळता येतो, हे मी या धंद्यात पुरेसं पाहिलं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: बिलं वेळेवर काय, कुणीही सरळ माणूस देईल, यात ख्रिस्त कुठे आला? आक्षेप मला मान्य आहे. सरळपणावर ख्रिस्ती लोकांचा मक्ता नाही. पण सरळपणा महाग पडू लागतो, वरून फोन येतो, बोनस कापला जातो, तेव्हा टिकून राहायला कारण लागतं. माझ्यापुरतं कारण असं की समोरचा पुरवठादारही देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे. दुसऱ्याचं कारण दुसरं असेल. मला त्याच्याशी स्पर्धा करायची नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: साक्ष द्यायला लाजता काय? सहकाऱ्याशी बरोबरीने बोलायला हरकत कसली? पण ज्याची रजा, बढती, वार्षिक शेरा माझ्या हाती आहे, त्याला मी प्रार्थनेला बोलावलं तर तो नाही कसा म्हणणार? इथे मिशनच्या इतिहासाकडेही स्वच्छ नजरेने बघावं. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, विणकामाचे माग चालवले. धर्मांतरामुळे जातीचा धंदा सुटलेल्यांना त्यातून भाकरी मिळाली, हे मोठं काम झालं. पण रोजगार आणि मंडळीतलं स्थान एकाच हाती आलं की श्रद्धा मोकळी राहत नाही. उलट १९०६ पासून चालत आलेलं म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातलं होल्ड्सवर्थ रुग्णालय घ्या. तेही मिशनचंच, मुळात बायका आणि मुलांसाठी काढलेलं. पण बाळंतिणीला तिथे खाट मिळते ती तिच्या दुखण्याकडे बघून. अशा संस्थांच्या हेतूविषयी शंका घेणाऱ्यांना आपण उत्तर द्यावं ते जमाखर्च आणि दारं, दोन्ही उघडी ठेवून.

कुठल्याही धर्माचे असा, खर्चाच्या कागदांवर तुमची सही चालत असेल, तर या महिन्यात एवढं करा: ४५ दिवस उलटून गेलेल्या लहान पुरवठादारांची यादी मागवा, क्वेरीत पडलेली बिलं तिच्यात धरायला सांगा, आणि व्याजासकट पैसे चुकते करा.