आमच्या लेथचें कार्ड

आपण पैसे मोजून घेतलेली वस्तु आपली असते, याविषयीं सहसा कोणास शंका येत नाहीं. घड्याळ आपलें, सायकल आपली, शिवणाचें यंत्र आपलें. बिघडलें तर जाणत्यास हांक मारावी, चार पैसे द्यावे आणि मोकळें व्हावें, असा शिरस्ता आहे. आमचीही समजूत अशीच होती. गेल्या वैशाखांत वळवाच्या एका सरीनें ती पार धुऊन नेली.

कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगरांत आमचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द जरा मोठाच. दोन जुने लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि एक सी. एन. सी. लेथ, एवढाच त्याचा पसारा. हा शेवटचा लेथ बारा वर्षांपूर्वीं आम्हीं कर्ज काढून जुना म्हणून विकत घेतला. पंपांचे शाफ्ट त्यावर निघतात, आणि सहा घरांच्या चुली त्यावर पेटतात. त्या संध्याकाळीं वीज कडाडली, दिवे एकदां लखलखून गेले, आणि परत आले तेव्हां लेथचा पडदा काळाच राहिला. मागचें कपाट उघडतांच जळका वास आला. यास आमच्या धंद्यांत ‘कार्ड उडालें’ असें म्हणतात.

ज्या वाचकांनीं असें कपाट पाहिलें नसेल त्यांस थोडें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें १९५२ सालीं अंकांच्या आज्ञेवर चालणारें मिलिंग यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें. तेव्हांपासून कारागिराच्या मनगटांतलें काम हळूहळू या कपाटांत शिरत आलें आहे. आंत हिरव्या पाट्या असतात; त्यांवर तांब्याच्या रेघा, आणि त्यांस डाख दिलेले शेंकडों बारीक भाग. लेथचें बिडाचें अंग चाळीस चाळीस वर्षें टिकतें. या पाट्यांचें तसें नाहीं. त्यांवरील कांहीं कपॅसिटरांत एक द्रव असतो, तो उष्णतेनें सुकतो. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्यांचें आयुष्य सुमारें निम्में होतें, असा ठोकताळा आहे. कधीं तो द्रव गळून तांब्याच्या रेघाच खातो. शिवाय कूलंटचें तेलकट धुकें आणि बिडाची भुकटी पंख्यावाटे आंत जाऊन बसते, ती निराळीच. म्हणजे बैल धडधाकट असावा आणि वेसण कुजावी, तशांतला हा प्रकार. वेसण कुजली म्हणून कोणी बैल विकून टाकीत नाहीं. आम्हांस मात्र तोच सल्ला मिळाला.

ज्या कंपनीचें तें कंट्रोल, तिच्या माणसानें फोनवर मोठ्या अदबीनें सांगितलें कीं, हें मॉडेल बंद झालें आहे. कार्ड मिळणार नाहीं. सबंध नवें कंट्रोल घ्यावें. किंमत साडेआठ लाख. आम्हीं म्हटलें, “निदान कार्डाचा सर्किटचा नकाशा तरी द्या. येथें कोणाकडून तरी दुरुस्त करून घेऊं.” “सर, तो कंपनीबाहेर देतां येत नाहीं,” असें उत्तर आलें.

तीर्थरूपांनीं घेतलेला लेथ आमच्याकडे अजून चालतो. त्याच्यासोबत आलेल्या पुस्तकांत प्रत्येक गिअर आणि प्रत्येक बेअरिंग आंकडे घालून काढलेलें आहे. घेणारा हें कधीं ना कधीं उघडणारच, तर तें नीट उघडो, अशी करणाराची भावना त्या चित्रांत दिसते. नव्या लेथच्या पुस्तकांत कपाटाचें प्रकरण येतांच एक वाक्य भेटतें: आंतील भागास हात लावूं नये.

उद्यमनगरांतच एका गल्लींत, माडीवर, कार्डें दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. त्यांनीं कार्ड ब्रशानें धुतलें, भिंगाखालीं धरलें आणि फक्त “बघूं” म्हटलें. सुकलेले कपॅसिटर बदलले, जळालेल्या रेघांच्या जागीं केसासारख्या तारा जोडल्या. एका आय. सी.वरील नांवच मुद्दाम घासून काढलेलें होतें. ती कोणती, हें ओळखण्यांत चार दिवस गेले. त्यासाठीं भंगारांतून तसलेंच एक मेलेलें कार्ड आणून ते दोन्हीं शेजारीं ठेवून मीटर लावीत बसत. अकराव्या दिवशीं लेथचा पडदा उजळला. मजुरी अठरा हजार.

परंतु लेथ स्वतःस विसरला होता. सुट्या कुठवर सरकावें, स्पिंडल किती वेगानें फिरवावें, अशा शेंकडों आंकड्यांस पॅरामीटर म्हणतात. वीज नसतां ते एका लहानशा बॅटरीच्या आधारानें स्मरणांत राहतात. ती बॅटरी आम्हीं वेळेवर बदललीच नव्हती. हा दोष ना विजेचा ना कंपनीचा; तो आमचा. दाराच्या आंत चिकटविलेला आंकड्यांचा कागदही तेलानें भिजून वाचतां येईना.

तेव्हां आम्हांस आमच्या जुन्या मेस्त्रींची आठवण झाली. तीन वर्षांपूर्वीं ते कामावरून निवृत्त झाले. जेवणाच्या सुटींत ते लेथपाशीं बसून दोनशें पानी वहींत आंकडे उतरून घेत. “मेस्त्री, आंकडे गिरवण्यापेक्षां चार नग जास्त काढा,” असें आम्ही त्यांस एकदां चारचौघांत बोललों होतों. निरोप पोंचतांच ते वही घेऊन आले. ते वाचीत, आणि माडीवरचे गृहस्थ बटणें दाबीत. रात्रीं दहाच्या सुमारास स्पिंडल फिरला. झाल्या बोलण्याची आठवण मेस्त्रींनीं काढली नाहीं. आम्ही मात्र त्यांच्याकडे पाहूं शकलों नाहीं.

कंपन्यांचें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें नाहीं. फिरता चक चुकीच्या आज्ञेनें सुटला तर माणूस जायबंदी होईल; नकाशा बाहेर गेला तर कोणी नक्कल करील. पण आंधारांत चांचपडून केलेली दुरुस्ती नकाशा पाहून केलेल्या दुरुस्तीपेक्षां अधिक धोक्याची, हें उघड आहे. कल्पना त्यांची, तिचें मोल आम्हीं दिलें. आम्ही मागतों तें इतकेंच कीं, कोणती तार कोठें जाते आणि कोणत्या भागाचें नांव काय. अमेरिकेंतील कोलोराडो राज्यानें शेतीच्या यंत्रांपुरता हा हक्क २०२३ सालीं कायद्यानें मान्य केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं समिती नेमली आणि शेतीचीं अवजारें, मोबाइल, घरगुती उपकरणें व मोटारी हीं क्षेत्रें आधीं हातीं घेतलीं. लहान कारखान्यांतल्या लेथचें नांव त्या यादींत आलें नाहीं. जो वापरतो त्यास ‘ग्राहक’ म्हणतात. जो राबवितो त्यास कोण म्हणावें, हें अजून ठरावयाचें आहे.

पैसे देण्यास आम्ही माडीवर गेलों तेव्हां त्या गृहस्थांनीं एक मोठा कागद पुढें केला. रेघान् रेघ शोधून त्यांनीं आमच्या कार्डाचा नकाशा पेन्सिलीनें काढला होता. “हा तुमच्या पोटाचा धंदा; आम्हांस कशाला देतां?” आम्हीं विचारलें. “मालक, यंत्र तुमचं. कागद माझ्याकडं ठेवून काय करूं?” असें म्हणून ते पुन्हां भिंगाखालीं वांकले.

तो कागद आणि मेस्त्रींच्या वहीची प्रत आतां कपाटाच्या दारांत प्लॅस्टिकच्या पिशवींत टांगली आहे. वर ‘बॅटरी बदलली’ असें लिहून तारीख घातली आहे. अक्षर मेस्त्रींचें आहे. आम्हींच त्यांस तें लिहिण्याची विनंती केली.