कोयता मोजला, माणूस राहिला

गंगाखेड तालुक्यातल्या एका बौद्ध वस्तीच्या रस्त्याचा प्रस्ताव घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी कागद चाळला आणि म्हणाले, "एवढी माणसं आहेत कुठं तुमच्या वस्तीत? २०११ ची जनगणना बघा." आम्ही पोरांनी घरोघर फिरून केलेली यादी पुढं केली. नाव, वय, रेशनकार्ड, सगळं होतं. "ही तुमची यादी झाली. सरकारी आकडा नाही." प्रस्ताव परत आला.

वस्तीवर येऊन हे सांगितलं, तेव्हा ओट्यावर बसलेली एक आजी म्हणाली, "मोजायला आले तवा आमी फडावर व्हतो, लेकरा. घरी कोन व्हतं? माझी आंधळी सासू अन् दोन शेळ्या."

२०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे फेब्रुवारीत आपली अर्धी वस्ती फडावर असते. नियम असा होता की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही, त्याची नोंद तो जिथं सापडेल तिथं करायची. कागदावर हे ठीक दिसतं. पण प्रगणक कोप्यापर्यंत पोचला, तर आपला माणूस सांगली-कोल्हापूरच्या आकड्यात जमा झाला. नाही पोचला, तर कुठंच नाही. मुकादमाची वही मात्र चोख असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. उचल देताना मोजायचं कुणी विसरत नाही.

एका आकड्यानं एवढं काय बिघडतं, असं काही कार्यकर्ते विचारतात. बघा काय काय बिघडतं. ग्रामपंचायतीचे सदस्य ७ असतील की १७, हे लोकसंख्येवर ठरतं. त्यातल्या अनुसूचित जातींच्या जागाही लोकसंख्येच्या प्रमाणात. पंधराव्या वित्त आयोगानं स्थानिक संस्थांच्या निधीवाटपात ९० टक्के वजन लोकसंख्येला दिलं, तेही २०११ च्या. रेशनचा इष्टांकही त्याच जनगणनेवर बांधलेला. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राची मर्यादा सुमारे ७ कोटी माणसांची. त्यानंतर जन्मलेल्या लेकराच्या आईला दुकानात ऐकावं लागतं, "इष्टांक शिल्लक नाही." सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये केंद्राला सांगितलं की २०११ च्या आकड्यामुळं गरजू वंचित राहणार नाहीत असा मार्ग काढा. आकडा अजून तोच आहे.

मग ग्रामपंचायतीनं हा आकडा चुकीचा आहे असं म्हणायचं ठरवलं, तर कुठं म्हणायचं? मी हे शोधायला बसलो आणि प्रत्येक दार बंद दिसलं. संविधानाच्या नवव्या आणि नवव्या-अ भागात 'लोकसंख्या' म्हणजे शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचा आकडा, अशी व्याख्याच आहे. जनगणना कायदा १९४८ चं कलम १५ सांगतं की जनगणनेची कागदपत्रं कुणाला तपासता येणार नाहीत आणि ती पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. माणसाची खासगी माहिती सुरक्षित राहावी म्हणून हे कलम आहे, ते हवंच. पण आपली वस्ती मोजली की नाही हे पडताळायची वेगळी सोय ठेवलीच नाही. सरकारनं स्वतः केलेल्या फेरतपासणी सर्वेक्षणात २०११ ला देशभरात दर हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं. तो अहवाल छापला गेला, आकडा मात्र दुरुस्त झाला नाही.

अमेरिकेत असं दार आहे. तिथल्या जनगणना खात्याचा वार्षिक अंदाज शहराला पटला नाही, तर जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि घरबांधणीचे परवाने जोडून रीतसर आव्हान देता येतं. डेट्रॉईट हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं शहर २०२२ मध्ये थेट न्यायालयात गेलं. पुढं अंदाजाची पद्धत बदलली आणि शहराचा आकडा वाढला.

आपल्याकडं अंदाज चालतच नाही, असंही नाही. जनगणना लांबली म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारनं वाढीव लोकसंख्या गृहीत धरून नगरसेवक वाढवले. मुंबईत २२७ चे २३६. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारनं पुन्हा २०११ चा आकडा धरला. दोन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला. अंदाज लावायचा अधिकार सत्तेला आहे, मग तो तपासायचा अधिकार गावाला का नाही?

यावर आक्षेप येतो की असं दार उघडलं तर प्रत्येक गाव आकडा फुगवेल. आक्षेप खोटा नाही. नागालँडमध्ये २००१ चा आकडा फुगलेला असल्याचं तिथल्या सरकारनंच म्हटलं आणि २०११ ला राज्याची लोकसंख्या चक्क घटलेली निघाली. म्हणूनच आव्हान पुराव्यानिशी असावं आणि यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जावी. गावासमोर खोटं नाव वाचणं सोपं नसतं.

बाबासाहेबांना हे दुखणं ठाऊक होतं. १९३२ मध्ये लोथियन समितीसमोर मताधिकाराचा प्रश्न आला, तेव्हा काही प्रांतांत आमच्याकडं अस्पृश्य फारसे नाहीतच, असं म्हणणारे पुढं आले. जागा संख्येवर मिळणार म्हटल्यावर संख्याच नाकारायची. बाबासाहेबांनी समितीत वेगळं टिपण देऊन हा डाव उघडा पाडला. आकड्याची लढाई ही आपल्या हक्काचीच लढाई आहे.

आता पुढची मोजणी. संदर्भ तारीख १ मार्च २०२७, आणि माणसांची गणना पुन्हा फेब्रुवारीत. यंदा प्रत्येक जात मोजली जाणार आहे, १९३१ नंतर पहिल्यांदा. आणि आपली माणसं पुन्हा फडावर असणार. नंतर आव्हान द्यायला दार नाही, तर जे करायचं ते आधी करावं लागेल.

घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळातला. तेव्हा बहुतेक टोळ्या गावात असतात. वस्तीतलं एकही घर, कुडाचं असलं तरी, यादीतून सुटू देऊ नका. ऊसतोड कामगारांची नोंद करून ग्रामसेवकानं ओळखपत्र द्यायचं, असा शासनाचा निर्णय आहे. ती नोंद, रेशनकार्ड, मतदारयादी, अंगणवाडी आणि शाळेचा पट जुळवून स्थलांतरित कुटुंबांची वस्तीनिहाय यादी करा. ग्रामसभेत वाचा, ठराव घ्या. जिल्ह्यात जिल्हाधिकारी हेच प्रमुख जनगणना अधिकारी असतात. त्यांना आणि तहसीलदारांना ठराव द्या आणि पोच घ्या. ठरावात मागणी एकच: हंगामी स्थलांतरिताची मोजणी त्याच्या मूळ गावात व्हावी. ही मागणी मान्य होईपर्यंत फडावरच्या टोळीनंही आपली नोंद करून घेतल्याशिवाय राहू नये. आणि धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिताना अनुसूचित जातीच्या रकान्यात राज्याच्या यादीतलं नाव लिहायला विसरू नका. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांना तो हक्क दिलेला आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा आपण रस्त्यावर होतो. सोमनाथ सूर्यवंशी यांचा कोठडीत जीव गेला. ज्या संविधानासाठी आपण उभे राहिलो, त्यातला प्रतिनिधित्वाचा हक्क गावात पोचतो तो आकड्यातून. त्या यादीत आजीचं नाव यावं, एवढ्यासाठी या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा घरोघर फिरणार आहोत. या वेळी यादीवर ग्रामसभेचा ठराव असेल.

जय भीम. जय संविधान.