कोट उलटा करून बघा

कोल्हापूरहून निघून कागल मागे पडलं, की कोगनोळीपाशी कर्नाटकाची हद्द लागते. पाट्यांवरची अक्षरं बदलतात, टपरीवरच्या गप्पा मात्र मराठीतच चालू राहतात. पुढे तंबाखूचं गाव निपाणी. मग तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरीचा घाट आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं जन्मगाव काकती. तिथून बेळगाव हाकेच्या अंतरावर. आपल्या मंडळातली बरीच घरं या रस्त्यानं दिवाळीला किंवा लग्नाला गावी जातात. येताना कुंदा आणतात, मांडे आणतात. मी या वेळी वेगळ्याच कामासाठी गेलो होतो. एका लोकरी कोटाचं काय करायचं, ते ठरवायला.

लोकर या मुलखाला नवी नाही. निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथांची यात्रा भरते, तिकडे हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची. दोन्हीकडे भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात आणि खांद्याखांद्यावर घोंगडी दिसतात. ही लोकर दख्खनी मेंढीची. धनगरांनी कातरायची, सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायची आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करायची. मराठीत घोंगडी, कन्नडमध्ये कंबळी. ती अंगाला टोचते, कारण तिचा तंतू जाड असतो, कोटाच्या मऊ लोकरीच्या जवळपास दुप्पट. पण पाऊस आणि वारा अडवण्यात तिला तोड नाही.

कोटाची लोकर बेळगावात दुसऱ्या वाटेनं आली. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे कॅम्प वसला. आज मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच आहे. छावणीच्या गावाला चांगला शिंपी लागतोच. गणवेशाचा खांदा अर्धा इंच उतरलेला साहेबाच्या नजरेतून सुटत नाही. त्यात गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, त्यामुळे डिसेंबरच्या संध्याकाळी कोट मिरवण्यापुरता राहत नाही, खरोखर लागतो. शहापूर-वडगावात साड्यांचे माग, त्यामुळे कापड चिमटीत धरून बघायची सवय घरोघरी. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेही इथंच, टिळकवाडीच्या बाजूला. सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सूत देण्याच्या अटीवर शिक्कामोर्तब झालं ते याच अधिवेशनात.

आता आमच्या कोटाबद्दल. बाबांनी १९८४ मध्ये, नोकरी लागल्यावर, बेळगावात शिवून घेतलेला गडद करड्या रंगाचा कोट. तीस-पस्तीस वर्षं तो ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत होता. चुलतभावाचं लग्न ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. आईचं म्हणणं, बाबांचाच कोट नीट करून घाल. भावाचं म्हणणं, मॉलमध्ये तासाभरात नवा मिळतो, जुन्यावर कशाला पैसे घालवायचे? बाबा काही बोलले नाहीत. मला मात्र आधी कळायला हवं होतं, की हा कोट खरंच चांगला आहे, की आम्हाला तो केवळ बाबांचा म्हणून चांगला वाटतो?

गणपत गल्लीच्या मागच्या बाजूला एका जुन्या शिंप्याच्या दुकानात गेलो. मास्तर सत्तरीचे. त्यांनी कोट हातात घेतला, बाहेरून पाहिलाच नाही, सरळ उलटा केला.

"तुमच्या वडिलांचा काय हो?"

"हो. पण कशावरून ओळखलंत?"

"आत कापड सोडलंय बघा. आता कोण सोडतंय एवढं?"

पुढचा पाऊण तास माझी शिकवणीच झाली. ती तुमच्याही उपयोगाची आहे म्हणून सविस्तर लिहितो. गिऱ्हाइकाला हे कळलं तर शिंप्यालाही बरंच वाटतं, असं मास्तरांचं मत.

आधी कापड. मूठभर कापड घट्ट चुरगाळून दहा सेकंदांनी सोडायचं. चांगली लोकर उसळून परत येते आणि चुण्या हळूहळू विरतात. पॉली-विस्कोसवर चुणी राहते किंवा कापड नुसतं निसरडं लागतं. खात्री करायची तर शिवणीच्या आतला एक दोरा काढून जाळून बघायचा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझते आणि राख बोटानं चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. विस्कोस कागदासारखा भुरकन जळतो. टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकरीचं मिश्रण, दोन्ही खुणा दाखवतं. आमच्या दोऱ्याला नुसता केसांचा वास आला.

नवं कापड घेताना किनार वाचायची. लोकर किती टक्के, ते बहुधा तिथं विणलेलं किंवा छापलेलं असतं. "सुपर १००", "सुपर १२०" हे आकडे तंतूच्या बारीकपणाचे. सुपर १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५, सुपर १५० म्हणजे १६.२५. आकडा जितका मोठा तितकं कापड तलम, पण तितकंच नाजूकही. वर्षातून दहा वेळा घालायच्या कोटाला शंभर ते एकशेवीस पुरे. त्याहून महत्त्वाचं वजन. आपल्या हवेत चौरस मीटरला साधारण अडीचशे ग्रॅमचं कापड बरं, ते अंगावर पडतंही छान आणि घामही फार येत नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही, म्हणून दमट मांडवात ती पॉलिस्टरपेक्षा सुसह्य होते.

मग आतली बांधणी. कोटाच्या पुढच्या भागात, बटणाच्या थोडं खाली, बाहेरचं आणि आतलं कापड दोन चिमटीत धरून वेगळं ओढायचं. मधे तिसरा, सुटा थर हाताला लागला तर तो कॅनव्हास. तो हातानं टाचलेला असतो आणि वापरून वापरून अंगाचा आकार घेतो. तिसरा थर लागला नाही आणि बाहेरचं कापड चिकटून ताठ वाटलं तर फ्यूजिंग, म्हणजे उष्णतेनं चिकटवलेला थर. फ्यूजिंग वाईटच असं नाही, त्यानं कोट स्वस्त पडतो आणि लवकर होतो. पण चिकटवण हलकं असेल तर काही ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे येतात, आणि ते परत बसत नाहीत. आमच्या कोटात कॅनव्हास निघाला. अस्तराला पाठीवर मधोमध चुणी सोडलेली होती. ती नसेल तर हात पुढे घेताना अस्तर फाटतं. काज हाताचे होते, आणि खिशाच्या झाकणावरची बारीक रेघ खालच्या कापडावरच्या रेघेशी तंतोतंत जुळत होती.

"कापड चांगलं, काम चांगलं," मास्तर म्हणाले. "आता अंगात घाला. खांदा बघू."

इथं मी थोडा धास्तावलोच. कारण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बाही लहान-मोठी करता येतीय, कंबर करता येतीय. खांदा चुकला तर मग काय पण करू नका, फोटो काढून ठेवून द्या."

खांद्याची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथं संपायला हवी. पुढे गेली तर बाहीवर खळगा पडतो, मागे राहिली तर बाही ताणते. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला मागून चिकटून बसायला हवी, मधे फट नको. शर्टाची कॉलर अर्धा इंच वर दिसावी, बाहीतूनही शर्ट तेवढाच. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या चुण्या आल्या तर कोट घट्ट. मास्तरांनी खडूनं दोन खुणा केल्या, टेप लावली आणि मशीनवरच्या मुलाला आकडा सांगितला: "हदिनेंटूवरे." साडेअठरा. माझं माप मराठीत घ्यायचं, मुलाला कन्नडमध्ये सांगायचं आणि वहीत इंग्रजीत लिहायचं, असा त्या दुकानाचा रिवाज. दोन्हीकडच्या शिंप्याचं नावही एकाच घरातलं वाटतं: इकडे शिंपी, तिकडे सिंपिग.

खांदा बसला. बाबा माझ्यापेक्षा बुटके, पण खांद्यानं तेवढेच रुंद.

मग आल्या लग्नातल्या परीक्षा. "हात वर करा, अक्षता टाकायच्यात." हात वर केला की पूर्ण कोट कानापर्यंत चढत असेल तर बगलेचा घेर खाली कापलेला आहे. घेर वर असेल तर हात उचलतो आणि कोट जागेवर राहतो. "वाका, नमस्कार करा." पाठ ताणली जाते का ते बघायचं. "बसा, पंगतीला बसल्यासारखं." बसताना बटण काढायचं, हेही तिथंच कळलं. आरशासमोर ताठ उभं राहून कुठलाही कोट बरा दिसतो, मांडवात मात्र दिवसभर वाकायचं असतं. नवा कोट विकत घेतानाही या तीन गोष्टी ट्रायल रूममध्ये करून बघा. लोक हसले तर हसू देत.

आमच्या कोटात उणं काय निघालं? बाही दीड इंच आखूड. पाठ थोडी घट्ट. लेपलखाली कसर लागून दोन बारीक भोकं. आणि लांबी इंचभर कमी. मास्तर एकेक सांगत गेले. बाहीच्या आत दोन इंच कापड दुमडलेलं होतं, ते सोडता येईल. पाठीच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंनी पाऊण पाऊण इंच होतं, पाठ सैल होईल. भोकांना रफू, आणि त्याला लागणारे दोरे याच कोटाच्या आतल्या शिवणीतून काढायचे, म्हणजे रंग आणि पोत तोच. "लांबी तेवढी वाढत नाही. पँट थोडी वर घ्या, कळत नाही," एवढं प्रामाणिकपणे सांगून त्यांनी विषय संपवला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझी नजर बदलली ती या आतल्या कापडामुळे. १९८४ मध्ये ज्यानं हा कोट शिवला, त्याला बाबांचं पोट सुटेल का, पुढे हा कोट कुणाच्या अंगात जाईल, यातलं काही माहीत नव्हतं. तरी त्यानं जागोजागी कापड सोडलं. ते कुठंच दिसत नाही, त्याचं कौतुक होत नाही, आणि गिऱ्हाइकाला त्या दिवशी त्याचा काही उपयोगही नसतो. तयार कोटात हेच पहिलं कापलं जातं, कारण हजारो नगांमागे प्रत्येकी दोन-दोन इंच कापड वाचतं. म्हणून तो कोट एकाच अंगाचा आणि थोड्याच वर्षांचा होतो. दोन्हींची किंमत शेजारी ठेवताना हा हिशेब धरायला हवा. शिवलेला कोट महाग पडतो, पण दोन पिढ्या वापरला तर नाही.

मास्तरांचा मुलगा बंगळुरूला कंपनीत आहे. मशीनवरचा मुलगा भाच्याचा, तो शिकतोय, पण कोटाचं पूर्ण काम अजून त्याच्या हाताला बसलेलं नाही. "कोट शिवायला दोन-तीन दिवस. तेवढ्यात चार-पाच पँटी होतात," मास्तर म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब सांगत होते. भाड्यानं शेरवानी मिळते, तयार ब्लेझर मिळतो. कोट शिवून घेणारं गिऱ्हाईक उरलं नाही तर हा हात शिकून तरी तो मुलगा काय करणार? चांगल्या शिंप्याला चांगलं गिऱ्हाईक लागतं, आणि चांगलं गिऱ्हाईक म्हणजे कोट उलटा करून बघणारं.

लग्नात मी बाबांचा कोट घातला. भावानं मॉलमधला घेतला, आणि तोही त्याला शोभत होता. बाबांनी फक्त माझी बाही दोन बोटांनी चाचपली आणि "बरी आलीय" म्हणाले.

तुम्ही पुढच्या सुट्टीत बेळगाव-निपाणीकडे जाणार असाल, तर घरातल्या जुन्या ट्रंकेतला कोट आधी उलटा करून बघा. खांदा बसत असेल आणि शिवणीत कापड असेल तर बरोबर न्या. नवा शिवायचा असेल तर गावी पोचल्याच्या पहिल्या दिवशीच माप द्या, निघायच्या आदल्या दिवशी नव्हे. कच्च्या शिलाईची ट्रायल आणि नंतर एक शेवटची, अशा दोन फेऱ्या तरी लागतात. कापड घेताना पाव मीटर जास्त घ्या, आणि मास्तरांना सांगा, की आतलं कापड कापू नका, घरात वाढती पोरं आहेत.