बोटांच्या मागे मागे

दोन वर्षांपूर्वी घाटात आमच्या गाडीला ट्रकची धडक बसली. गाडी मी चालवत होते. हाड जुळलं, पण कुठे करकचून ब्रेक लागला की आजही घशाला कोरड पडते. म्हणून पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे ‘ईएमडीआर’ या नजर फिरवून करायच्या उपचारासाठी गेले. डोळे फिरवून मनाचं दुखणं कसं हलणार, हे मात्र कळत नव्हतं.

पहिल्या दोन भेटींत डोळ्यांचं नावही निघालं नाही. मॅडमनी सगळी हकीकत ऐकली. मग निवांत वाटेल अशी एक जागा मनात धरायला सांगितली. आठवण झेपेनाशी झाली तर परतायला. मी आजोळची पडवी धरली. या उपचाराचे ८ टप्पे असतात आणि ही तयारी त्यातलीच, हे तेव्हा समजलं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, “सगळ्यात नकोसं चित्र कोणतं?”

“फुटलेली काच.”

“ते पाहताना स्वतःबद्दल काय वाटतं?”

“माझीच चूक.”

“० ते १० मध्ये त्रास किती?”

“९.”

मग त्यांची दोन बोटं माझ्यासमोर डावी-उजवीकडे फिरू लागली. मान स्थिर, नजर बोटांमागे. थोड्या वेळाने बोटं थांबली. “श्वास घ्या. आता काय येतंय?”

मी गोंधळले. काच नव्हतीच. कणसं भाजणाऱ्या एक मावशी माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दोन वर्षांत त्या एकदाही आठवल्या नव्हत्या.

“माझं लक्ष भलतीकडे गेलं का?”

“नाही. जे येईल ते येऊ द्या.”

घरी येऊन वाचलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांना १९८७ मध्ये बागेत चालताना जाणवलं, की नजर हलली तसे त्रासदायक विचार बोथट झाले. आठवण धरून ठेवायची आणि नजरही फिरवायची, या दुहेरी कामात चित्र फिकं पडतं, असं एक स्पष्टीकरण आहे. डोळ्यांच्या हालचालीचा वाटा नेमका किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातानंतरच्या मानसिक त्रासासाठी ही पद्धत सुचवली आहे.

त्या भेटीतून उठताना माझा त्रासाचा आकडा ४ होता. काच अजून दिसते, पण तिच्या शेजारी आता मावशीही दिसतात. ‘माझीच चूक’ हे वाक्य मात्र जागचं हललेलं नाही. गुरुवारी तिथूनच सुरुवात करायची आहे.