ऑनलाइन बाजारालाही जात असते : कुंडलहून पायताणं विकताना शिकलेले धडे



"इंटरनेटवर कुणी कुणाची जात विचारत नाही. माल चांगला असला की विकला जातो." गेल्या तीन वर्षांत हे वाक्य आम्ही प्रशिक्षण शिबिरात, बँकेच्या काउंटरवर आणि आपल्याच उच्चशिक्षित मित्रांकडून इतक्या वेळा ऐकले, की आता त्याचे उत्तर लिहूनच द्यावे असे वाटते.

आम्ही कुंडलचे काही तरुण कार्यकर्ते. बहुतेक बौद्ध, दोघे चर्मकार. गावातल्या आणि पलूस तालुक्यातल्या चर्मकार कुटुंबांनी हाताने केलेली कोल्हापुरी पायताणं आम्ही ऑनलाइन विकतो. बौद्धांनी चर्मकारांचा माल विकायचा म्हटल्यावर दोन्हीकडून भुवया उंचावल्या. एकीकडे "आपल्याला कशाला चामड्याच्या धंद्यात नेता?" आणि दुसरीकडे "यांचं आपल्यात काय काम?" जातीव्यवस्था नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये मांडले. त्याचा अनुभव घ्यायला आम्हाला लांब जावे लागले नाही. म्हणून आमच्यासाठी हा उपक्रम धंद्याआधी जाती तोडण्याचा एक छोटा प्रयत्न आहे. पण प्रयत्नाला हिशेब लागतो. तो इथे मांडतो.

पहिला धडा नावाचा आहे.

दुकानाचे पान तयार करताना एका सल्लागाराने आम्हाला सांगितले, "कारागिरांचे फोटो नकोत. वाडा दाखवा, नथ दाखवा, फेटा दाखवा. राजेशाही थाट विकतो." म्हणजे ज्याने कातडे कापले, अंगठा बसवला, वादीने शिलाई केली, तो चित्रात नको, आणि ज्याने आयुष्यात आरी-रापी हातात धरली नाही, त्याचा वाडा मात्र हवा! चपलेला कोल्हापूरचे नाव मिळाले, कापशी गावाचे नाव मिळाले, पण करणाऱ्याचे नाव कधीच मिळाले नाही. इंटरनेटवर जात विचारत नाहीत, याचा खरा अर्थ हा आहे. तिथे करणारा माणूस आधीच पुसलेला असतो, मग विचारायचे कुणाला?

आपल्या चळवळीला हा प्रश्न नवा नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा चहा चांगला होता, पण पिणारा कुणी येईना. शेवटी शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, तेव्हा ती कोंडी फुटली. तेव्हा विक्रेत्याची जात दिसत होती म्हणून गिऱ्हाईक येत नव्हते. आज ती झाकली तर गिऱ्हाईक येते. याला आपण प्रगती म्हणायची का?

आम्ही प्रत्येक जोडाबरोबर करणाऱ्याच्या नावाचे कार्ड घालायचे ठरवले. पण इथे एका काकांनी आम्हाला थांबवले. ते म्हणाले, "नाव लावा की, पर आडनाव नगं. पोरगी सांगलीला हॉस्टेलात हाय." त्या एका वाक्यात सगळे आले. अभिमानाने नाव लावणे हा अधिकार आहे, तसे नाव न लावणे हाही अधिकार आहे. आमच्या घोषणेची किंमत त्यांच्या मुलीने वसतिगृहात का मोजावी? तेव्हापासून कार्डावर काय छापायचे हे कारागीर ठरवतो, आम्ही नाही. काहींनी पूर्ण नाव दिले, काहींनी फक्त पहिले. दोन ठिकाणी बायकांची नावे आली. ती यायलाच हवी होती. वेणी घालणे, गोंडे करणे, पट्ट्यांना भोके पाडणे ही कामे बहुतांशी बायकाच करतात आणि मजुरी वाटताना त्या शेवटी असतात. मुंबईत सुधीर राजभर यांनी 'चमार स्टुडिओ' हे नाव उघडपणे लावले, त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ते धैर्य दुसऱ्यावर लादता येत नाही.

दुसरा धडा हिशेबाचा.

मित्रांनो, ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येकाने हे गणित वहीत एकदा तरी मांडावे. समजा, एक जोड 1200 रुपयांना विकला. कातडे, दोरा, मेण, रंग असा कच्चा माल 400. विक्री करून देणाऱ्या कंपनीचे कमिशन व इतर आकार 15 टक्के धरले तर 180. कुरिअर 90. खोके आणि कागद 30. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर 5 टक्के जीएसटी आहे, तो या किमतीतच धरला तर साधारण 57. दहातला एक जोड परत येतो असे धरले, तर त्याचे जाण्यायेण्याचे 180 रुपये दहा जोडांवर वाटून प्रत्येकी 18. उरले 425. एका जोडाला दोन माणसांचा एक दिवस लागला तर माणशी 212 रुपये हातात पडतात. महाराष्ट्रात रोजगार हमीचा 2025-26 चा दर होता 312 रुपये. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब हातात असलेला माणूस मातीकाम करणाऱ्यापेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त!

आणि हे विकणारे लोक आपल्याला सांगतात, "किंमत अजून कमी करा, सेल चालू आहे."

म्हणून आम्ही हिशेब उलटा मांडतो. आधी मजुरी लिहायची, मग कातडे, मग बाकी सगळे. या उदाहरणात दोघांना रोजगार हमीइतकी मजुरी द्यायची म्हटली तरी 1450 च्या खाली विकता येत नाही. ज्याला तेवढे द्यायचे नसतील त्याने यंत्राची चप्पल घ्यावी, त्यात काही वाईट नाही. पण मजुराच्या पोटातून काढलेली सवलत देणार नाही, हे आम्ही पहिल्या पानावरच लिहून ठेवले आहे. आमचा स्वतःचा वाटा किती, हेही कारागिरांसमोर महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवतो. हे नाही केले, तर जुना व्यापारी गेला आणि निळा झेंडा लावलेला नवा दलाल आला, एवढेच होईल.

तिसरा धडा कायद्याचा.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते फक्त कोल्हापूरचे नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे आहे. म्हणजे कुंडलचा कारागीर या नावाचा हक्काचा वाटेकरी आहे. पण जिल्हा बसला म्हणजे माणूस बसला असे होत नाही. 1999 च्या कायद्याखाली प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आमच्याकडच्या एकाही कुटुंबाला हे कुणी सांगितलेले नव्हते. अर्ज भरून देणे, आधार आणि पॅनवरचे नाव जुळवणे, बँक खाते चालू करणे, हेच आमचे खरे काम झाले. जीएसटीचेही तसेच. 1 ऑक्टोबर 2023 पासून मर्यादेखालील छोट्या विक्रेत्याला राज्याच्या आत ऑनलाइन माल विकायला पूर्ण नोंदणीची सक्ती राहिली नाही. पण बेळगाव इथून जवळ असले तरी कायद्याने ते दुसरे राज्य. तिथल्या गिऱ्हाइकाला ऑनलाइन बाजारातून माल पाठवायचा तर नोंदणी हवीच.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि तिला नुसते 'चामड्याची सँडल' म्हटले. गदारोळ झाल्यावर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. दाद मागायची तर ती मानांकनाच्या नोंदणीकृत मालकाने, असा त्याचा रोख होता. हा मालक कोण? महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर. डिसेंबर 2025 मध्ये याच दोन महामंडळांशी प्राडाचा करार झाला. सुमारे 2000 जोड, एकेकाची किंमत साधारण 800 युरो, असे जाहीर झाले. तेव्हा "आमची संस्कृती चोरली" म्हणून ओरडणाऱ्यांत असे कितीतरी लोक होते, ज्यांनी कारागिराच्या घरचे पाणी कधी प्यायले नव्हते. चप्पल त्यांची संस्कृती, आणि करणारा मात्र गावकुसाबाहेरचा! आपण प्रश्न वेगळा विचारला पाहिजे. त्या 800 युरोंतले किती, कुणाच्या हातात पडणार? महामंडळ आपल्या नावाने आहे, तर त्याच्या बैठकीत कारागीर बसतो का?

आणि संस्कृतीचा एवढा कळवळा असेल तर कातड्याबद्दलही बोला. मार्च 2015 मध्ये राज्यात गोहत्याबंदीच्या कायद्याची व्याप्ती बैल आणि वळूंपर्यंत वाढवली. बैलाचे कातडे मिळणे अवघड झाले. म्हशीच्या कातड्याला बंदी नाही, तरी ते टेम्पोतून आणताना पावती खिशात असूनही छातीत धडधड होते. एका हाताने वारसा म्हणून मिरवायचे आणि दुसऱ्या हाताने कच्चा माल हिरावायचा, याला काय म्हणावे?

चौथा धडा गिऱ्हाइकाचा आहे, तो अगदी व्यवहाराचा.

घरपोच पैसे देण्याची सोय ठेवली की परतीचा माल वाढतो, कारण दारात आलेले पार्सल नाकारायला काही लागत नाही आणि कुरिअरचे पैसे विकणाऱ्याचे जातात. आधी पैसे घेणे बरे. मापाचा घोळ टाळायला आम्ही गिऱ्हाइकाला कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारायला सांगतो आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो मागवतो. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा रंग प्रत्येक जोडाला थोडा वेगळा येतो. ते आधीच लिहिले की तक्रार येत नाही. पावसात वापरू नका, भिजली तर उन्हात न टाकता सावलीत वाळवा, सुरुवातीला तेल लावा, हे कार्डावर असते. आणि सर्वांत महत्त्वाचे, गिऱ्हाइकाचा संपर्क आपल्या वहीत हवा. कंपनीच्या पानावरचे दुकान भाड्याच्या खोलीसारखे असते. एका रात्रीत नियम बदलतात आणि आपण रस्त्यावर.

हे भान आम्हाला आमच्या शिवारानेही दिले. 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर विकायचे तर दूरच्या शेतकऱ्याशी बोलत राहिले पाहिजे हे ओळखून 1920 मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघाली. ज्याच्याकडे भांडवल होते त्याने शंभर वर्षांपूर्वी आपला वाचक आणि गिऱ्हाईक स्वतः घडवले. आपल्याकडे भांडवल नाही, पण आपला बाजार आहे! धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला चैत्यभूमी, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव. पुस्तके, कॅलेंडरे, मूर्ती विकत आपल्या माणसांनी हा बाजार कुणाच्या मदतीशिवाय उभा केला. आमची टिकाऊ गिऱ्हाइके अशाच स्टॉलवर भेटली, आणि पुढे मोबाइलवरून पुन्हा मागणी देत राहिली. मात्र एक लक्षात ठेवा. 'चळवळीचा माल' म्हणून माणूस एकदाच घेतो. दुसऱ्यांदा तो 'चांगला माल' म्हणूनच घेतो.

शेवटचा मुद्दा वादाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही.

बाबासाहेबांनी जातीने लादलेले धंदे सोडा म्हणून सांगितले, मग तुम्ही लोकांना पुन्हा रापी का धरायला लावता, असा प्रश्न आम्हाला अनेक कार्यकर्ते विचारतात. प्रश्न बरोबर आहे. 'हाताने केलेले' या शब्दाचे आम्हाला जराही वेड नाही. गांधीवादाच्या यंत्रविरोधावर बाबासाहेबांनी कठोर टीका केली, कारण यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय माणूस विचार करू शकत नाही. म्हणून जिथे पाठ मोडते तिथे आम्ही यंत्राच्या बाजूने आहोत. 17 सप्टेंबर 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्यातल्या 18 व्यवसायांत चर्मकारही आहे. 15 हजारांची अवजारे आणि 5 टक्के व्याजाने कर्ज मिळते. ते जरूर घ्या, आपल्याच कराचे पैसे आहेत. पण त्याबरोबर गुरू-शिष्य परंपरेचे आणि घराण्याच्या व्यवसायाचे जे गोडवे गायले जातात, ते मुकाट्याने गिळू नका. सुताराच्या मुलाने सुतार व्हावे आणि चर्मकाराच्या मुलाने चर्मकार, याला परंपरा नव्हे, चातुर्वर्ण्य म्हणतात.

आमची भूमिका साधी आहे. आज ज्यांच्या हातात हे कसब आहे, त्यांना त्याचा पुरा मोबदला आणि हवे असेल तर नाव मिळाले पाहिजे. उद्या त्यांच्या मुलांनी हा धंदा करायचा की नाही, हे मुलांनी ठरवावे, आणि ठरवता यावे इतके पैसे आज घरात यावेत. ज्या काकांनी आडनाव नको म्हटले, त्यांची मुलगी नर्सिंग शिकते आहे. तिला चप्पल शिवता येत नाही. आमच्या हिशेबात ही जमेची बाजू आहे.

हे कुंडल प्रतिसरकारचे गाव. 1942 नंतर नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या साथीदारांनी इथून गोऱ्या सत्तेला आव्हान दिले, सावकारांना जाब विचारला. आजचा सावकार मोबाइलच्या पडद्यामागे बसतो आणि टक्केवारी कापून घेतो. त्याला जाब विचारायला बंदूक लागत नाही. वही लागते, पेन लागतो आणि एकत्र बसायची तयारी लागते. तुमच्या गावात कुणी हाताने काही करत असेल, मग तो चर्मकार असो, बुरूड असो, मातंग असो की गोधडी शिवणारी आपली आई, तर या रविवारी त्यांच्या घरी जा. विकायचे नंतर बघू. आधी त्यांच्याबरोबर बसून मजुरीचा हिशेब मांडा.

जय भीम! जय संविधान!